खुर्चीच्या बाजूनं

परवा रविवारी संध्याकाळी दादरच्या एका हॉटेलात आम्ही दोघं जेवलो. बिल आलं. खाणं ६२० रुपयांचं, त्याखाली ‘स्टाफ वेलफेअर’ ६२, आणि दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी. मी मॅनेजरला बोलावलं.

पण खरं नाट्य माझ्या पाठीशी उभं होतं. रविवारी दादरला टेबलासाठी थांबायचं म्हणजे जेवणाऱ्याच्या खुर्चीची पाठ धरून त्याच्या घासांवर पाळत ठेवायची. माझ्या वाट्याला एक काका आले होते, सोबत काकू. मी शेवटची पुरी मोडली तेव्हाच त्यांनी आपली कापडी पिशवी आमच्या टेबलावर ठेवून ताबा जाहीर केला होता.

“सर, सगळेच देतात,” मॅनेजर म्हणाला.

“पण विचारलंय कोणाला? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात घालायचा नाही. दुसऱ्या नावानंही नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते उचलून धरलंय.”

“दिल्लीच्या,” मागून आवाज आला. “हे दादर आहे.”

“काका, तुम्ही कोणाच्या बाजूनं?”

“मी खुर्चीच्या बाजूनं.”

मी म्हटलं, १९१५ ला फोन लावतो, ग्राहक हेल्पलाइनला.

“१९१५!” काका काकूंकडे वळले. “गांधीजी आफ्रिकेतून आले ते साल. अपोलो बंदरला उतरले होते.”

“त्यांना तरी कोणी लगेच बसायला दिलं असेल,” काकू म्हणाल्या.

एवढ्यात बायको हात धुवायला उठली आणि काकू तिच्या खुर्चीत बसल्यासुद्धा. आता मी अनोळखी बाईंबरोबर जेवायला आल्यासारखा दिसत होतो. काकांनी पाकीट काढलं. “किती, बासष्टच ना? मी देतो. हे शंभर घ्या आणि वरचे अडतीस सुट्टे द्या.”

“बासष्ट नाहीत. त्यावरचा जीएसटी धरून पासष्ट रुपये दहा पैसे.”

हे मी का बोललो देव जाणे. शेजारची दोन टेबलं खायची थांबली. दहा पैशांसाठी भांडणारा माणूस त्यांना प्रत्यक्ष बघायला मिळाला होता. बिलात गुपचूप रक्कम घालणारा सभ्य आणि ‘ही कसली’ विचारणारा चिकट! दहा रुपयांच्या जुडीवर मूठभर कोथिंबीर फुकट मागतो तेव्हा आपल्याला कोणी चिकट म्हणत नाही, व्यवहारी म्हणतात. इथे मात्र बायकोसुद्धा बेसिनपाशी उगाचच दुसऱ्यांदा हात धूत उभी राहिली.

“हे पैसे तुम्हाला मिळतात का हो?” मी वेटरला विचारलं. त्यानं गल्ल्याकडे पाहिलं, वाट्या एकात एक घातल्या आणि टेबल पुसायला घेतलं. काकांची पिशवी उचलून, खालून पुसून, परत जागच्या जागी ठेवली.

शेवटी मॅनेजर म्हणाला, काढतो, पण सिस्टीममध्ये बिल बदलायला मोबाइल नंबर लागेल. दिला. ६५१ भरून बाहेर पडलो. काकांनी ‘थँक्यू’ म्हटलं, तेही खुर्चीला.

काल रात्री साडेअकराला मेसेज आला. ‘वी मिस यू! या आठवड्यात या, १० टक्के सूट.’ खाली बारीक अक्षरात: चार्जेस वेगळे.