सोमलकने ‘नुसत्या लाथा थांबवून’ सुवर्ण जिंकलं नाही

मुए थाईच्या, म्हणजे ठोशांसोबत लाथा आणि गुडघेही चालणाऱ्या थायलंडच्या लढतीच्या खेळाच्या, चर्चेत एक दावा सतत फिरतो. थायलंडच्या सोमलक खामसिंगने लाथा मारणं थांबवलं आणि 1996 मध्ये अटलांटात बॉक्सिंगचं थेट ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. पुढे जगप्रसिद्ध झालेला अमेरिकी बॉक्सर फ्लॉइड मेवेदर याला हरवणाऱ्याला त्याने हरवलं, म्हणजे तो मेवेदरपेक्षा सरस. आणि पुढे ऑलिम्पिक पदक आलं नाही, म्हणजे ते सुवर्ण नशिबाचं. तिन्ही गोष्टी चूक आहेत. पहिली तर नव्याने शिकणाऱ्यांचं नुकसान करते.

‘थेट’ काहीच नव्हतं. सोमलक 1992 ला बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये उतरला आणि पदकाविना परतला. 1994 मध्ये हिरोशिमाच्या आशियाई खेळांत त्याने सुवर्ण जिंकलं. अटलांटा त्यानंतर.

लाथा वजा केल्या की बॉक्सिंग उरतं, हेही खरं नाही. मुए थाईत लाथ अडवायला पुढचा पाय चटकन उचलावा लागतो, म्हणून पवित्रा उभा आणि पुढच्या पायावर भार कमी. त्याच पवित्र्यात बॉक्सिंग केलं तर ठोशामागे वजन जात नाही आणि दुसरा ठोसा उशिरा निघतो. तिथे कमरेत वाकून डोकं खाली नेलं की गुडघा बसतो, म्हणून खेळाडू सरळ मागे झुकायला शिकतो. बॉक्सिंगमध्ये मागे झुकलेल्याची हनुवटी वर येते आणि जॅबच्या (पुढच्या हाताच्या झटपट ठोशाच्या) मागून आलेला सरळ ठोसा तिला गाठतो. मुए थाईतली मान पकडायची सवय तर बॉक्सिंगमध्ये ताकीदच मिळवून देते. ही मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण थकल्यावर हात आपोआप तिकडेच जातात.

गुणांचं गणितही वेगळं. अटलांटात तीन-तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या होत्या, आणि पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. मुए थाईच्या पाच फेऱ्यांत पहिल्या दोन अंदाज घेण्यात गेल्या तरी चालतं. इथे तेवढ्यात सामना हातचा जातो. मुए थाईने सोमलकला अंतराची जाण, वेळेचा अंदाज आणि रिंगमधला शांतपणा नक्की दिला. समोरच्याला चुकवून लगेच परतफेड करणारा त्याचा खेळ त्यावरच उभा होता. पण बाकीचं बॉक्सिंग म्हणूनच शिकावं लागलं.

आता मेवेदर. 57 किलो गटाच्या उपांत्य फेरीत बल्गेरियाच्या सेराफिम तोदोरोव्हने त्याला 10-9 असं हरवलं, आणि त्या निकालाविरुद्ध अमेरिकेने तक्रार केली होती. एका वादग्रस्त गुणावरून सोमलक आणि मेवेदरची तुलना करता येत नाही. सोमलकचं मोठेपण त्याशिवायही सिद्ध आहे: तोदोरोव्ह तीन वेळचा विश्वविजेता होता आणि अंतिम फेरीत सोमलकने त्याला 8-5 असं हरवलं. ऑलिम्पिकमधलं थायलंडचं ते पहिलं सुवर्ण. उपांत्य फेरीत सोमलकसमोर होता अर्जेंटिनाचा पाब्लो चाकोन, जो पुढे व्यावसायिक विश्वविजेता झाला.

नशिबाचा मुद्दा 1998 च्या बँकॉक आशियाई खेळांतल्या दुसऱ्या सुवर्णापुढे टिकत नाही. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्येही तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

त्याच्यानंतर विजान पोनलिद (2000), मानुस बूनजुमनोंग (2004) आणि सोमजित जोंगजोहोर (2008) या थाई बॉक्सरांनी ऑलिम्पिक सुवर्ण आणलं. त्या काळात थायलंडच्या बॉक्सिंग संघाला क्यूबाचा प्रशिक्षक होता. नुसत्या मुए थाईवर भागत असतं, तर मुए थाईच्या माहेरी त्याला कुणी बोलावलंच नसतं.