गाठ अडीच सेंटिमीटरचीच, मग स्टेज दुसरी कशी?

सिडकोतून लिहिणाऱ्या ताई,

तुमचा राग समजतो. फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या लेखात, तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ पहिल्या स्टेजमध्ये मोडते असं मी लिहिलं. तुमच्या वडिलांची गाठ अडीचचीच, आधी '1ए3' (पहिल्या स्टेजचा एक उपगट) सांगितलं, डिसेंबर 2024 मध्ये ऑपरेशननंतर '2बी' आलं आणि जानेवारीत मुंबईच्या डॉक्टरांनी '2ए' म्हटलं. कुणीतरी खोटं बोलतंय आणि माझा लेख दिशाभूल करतो, असं तुमचं म्हणणं.

पण त्या वाक्यात पुढे 'लिम्फ नोड स्वच्छ असतील तर' हेही होतं, म्हणजे लसिका ग्रंथींमध्ये कॅन्सर नसेल तर. सगळा घोळ तिथेच आहे.

स्टेज 'टी' (मूळ गाठ), 'एन' (लिम्फ नोड) वगैरे मिळून ठरते. मापावरून फक्त 'टी' ठरतो. 1 सेंटिमीटरपर्यंत टी1ए, 2 पर्यंत टी1बी, 3 पर्यंत टी1सी. (तेही सरळ नाही. अडीचचीच गाठ फुप्फुसाच्या आवरणात शिरली असेल तर टी2ए होते.) सीटी आणि पेट स्कॅनमध्ये नोड संशयास्पद दिसले नाहीत म्हणून 1ए3. हा ऑपरेशनआधीचा अंदाज. त्याच्या आधी बारीक 'सी' (क्लिनिकल) छापलेला असतो, तो कुणी वाचत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेले नोड पॅथॉलॉजीत तपासल्यावर फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या एकात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. म्हणून एन1, आणि आता आधी 'पी' (पॅथॉलॉजिकल). इतका लहान ठिपका पेटमध्ये बरेचदा दिसतच नाही. त्यामुळे 'नाशिकमध्ये ऑपरेशनची तारीख उशिरा मिळाली म्हणून स्टेज वाढली' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. त्या पेशी बहुधा आधीपासूनच होत्या.

राहिला 2बी आणि 2ए. डिसेंबरचा रिपोर्ट स्टेज ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या आठव्या आवृत्तीप्रमाणे आहे. ती आवृत्ती 1999 ते 2010 मधल्या 94 हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदींवर बेतलेली होती. जानेवारी 2025 पासून नववी लागू झाली, आणि तिने टी1 एन1 हा गट 2बीतून 2ए मध्ये आणला. दोन्ही डॉक्टर बरोबर. वडिलांच्या छातीत काहीच बदललं नाही.

गाठ काढली तर केमो कशाला, हेही विचारलंत. त्या एका नोडमुळेच. नोड स्वच्छ असते तर एवढ्या मापाला सहसा केमोचा विषय निघाला नसता. आणि रिपोर्टवर ॲडेनोकार्सिनोमा (फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) लिहिलं असेल तर ईजीएफआर तपासणी (गाठीतल्या त्या जनुकात बदल आहे का, ते पाहणारी) झाली का, हे आत्ताच विचारा. ऑपरेशननंतरच्या गोळीचा निर्णय त्यावर असतो. तपासणी झाली नसेल तर मुंबईला जाताना नुसत्या स्लाइड नेऊ नका, इथल्या लॅबमधून पॅराफिनचा ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या.