‘३०० डीपीआय करा, फोटो कुठल्याही फ्रेमला बसेल’ म्हणे!

घरी फोटो छापून फ्रेममध्ये लावणाऱ्यांसाठी एक चार कलमी संदेश जिकडेतिकडे फिरतोय. फोटो आधी ३०० डीपीआय (इंचाला किती ठिपके, तो आकडा) करा, मग फ्रेमच्या मापाला रिसाइझ करा, रंग पक्के यावेत म्हणून सीएमवायके (छपाईच्या चार शायांची रंगपद्धत) करा, बाकी स्क्रीनवर दिसतो तसाच छापून येईल. यातलं एकही कलम जसंच्या तसं टिकत नाही.

पहिलं, ३०० डीपीआय. हा आकडा म्हणजे फाइलला चिकटवलेली चिठ्ठी. ४००० × ३००० पिक्सेलच्या फोटोवर ७२ लिहा की ३००, पिक्सेल तेवढेच. बघायचा असतो तो भागाकार: ८ बाय १० च्या फ्रेमला आखूड बाजूचे ३००० पिक्सेल ८ इंचांवर पसरले, इंचाला ३७५ पडले, चंगळ आहे. चॅटवरून आकसून आलेली १६०० × १२०० ची प्रत असेल तर इंचाला १५०च, म्हणजे जवळून फोटो भुरकट दिसणार. तीच प्रत ४ बाय ६ ला मात्र छान चालते. ‘रिसॅम्पल’ (पिक्सेलची संख्याच बदलणारा पर्याय) चालू ठेवून ३०० केलंत, तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. जी पापणी टिपलीच गेली नाही, ती येणार कुठून? त्यापेक्षा मूळ फाइल चॅटवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घ्या.

दुसरं कलम सगळ्यात जास्त फोटो बिघडवतं. लांबी-रुंदीचं प्रमाण बघा: बहुतेक फोनचा फोटो ४:३, बऱ्याच कॅमेऱ्यांचा ३:२. फ्रेम मात्र ४ बाय ६ (३:२), ५ बाय ७ (७:५), ८ बाय १० (५:४). नुसतं रिसाइझ केलं तर एक तर चेहरे ताणले जातात, नाहीतर कडा छाटल्या जातात. ६००० × ४००० चा फोटो ८ बाय १० ला बसवताना लांबीतले १००० पिक्सेल जातात, म्हणजे सहावा हिस्सा! ग्रुप फोटोत त्या सहाव्या हिश्शात कोणीतरी उभं असतंच. म्हणून फ्रेमच्या प्रमाणात क्रॉप स्वतः करा. कोणाला कापायचं हे प्रिंटरवर सोडू नका.

त्यात फ्रेमची कड चारही बाजूंनी काही मिलिमीटर खाते, आतला माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) त्याहून जास्त. माझ्या एका फोटोत काकांचा अर्धा कान असाच गेला. काका अजून ऐकवतात. तेव्हा फ्रेमवरच्या लेबलावर जाऊ नका, दिसणारी चौकट पट्टीने मोजा. बॉर्डरलेस छपाईत प्रिंटर फोटो किंचित मोठा करून कडा कागदाबाहेर टाकतो, तेवढीही जागा सोडा.

सीएमवायकेचा सल्ला छापखान्यातल्या ऑफसेटचा. घरच्या इंकजेटचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) आरजीबी, म्हणजे स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा रंग, घेतो आणि शाईचा हिशेब स्वतः करतो. आधीच बदललंत तर चमकदार निळे-हिरवे फिके पडतात. एसआरजीबी (आरजीबीचाच नेहमीचा प्रकार) तसाच राहू द्या.

राहिलं ‘दिसतो तसा’. स्क्रीन स्वतः उजळते, कागद फक्त पडलेला उजेड परतवतो. ब्राइटनेस पूर्ण ठेवून सजवलेला फोटो कागदावर काळपट येतो, तो यामुळे. स्क्रीन मंद करून बघा. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार खरा तोच निवडा. मग चेहरा आणि काळे केस दोन्ही येतील अशी एक अरुंद पट्टी त्याच कागदावर छापा, वाळू द्या, आणि जिथे फ्रेम टांगणार त्या भिंतीजवळ नेऊन बघा.