'दिसलाच नाही हो' असं मनापासून म्हणता यावं म्हणून

मुंबईत गाडी घेतलीत, अभिनंदन! हप्ते, फास्टॅग, पार्किंगवरून शेजाऱ्याशी भांडण, सगळं मार्गी लागलं असेलच. आता एका वाक्याची तयारी करून ठेवा: "दिसलाच नाही हो." सायकलवाल्याला धक्का लागला की हे म्हणायचं असतं. पण ते खरं वाटलं पाहिजे. आपले हवालदार रोज शंभर थापा ऐकतात, त्यांच्यापुढे नाटक टिकत नाही. तेव्हा सायकलवाला खरोखरच दिसू नये, अशी व्यवस्था आधीपासून हवी.

सुरुवात काचांपासून करा. नियम म्हणतो, पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. काळ्या फिल्मवरून सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सगळ्यांचे कान उपटलेही होते. पण मे महिन्यातलं ऊन न्यायालयाला विचारून पडतं का? लावा फिल्म. उरलेल्या काचेवर सोसायटीचा स्टिकर, जिमखान्याचा स्टिकर, आरशाला माळ. डॅशबोर्डवर गणपती बसवाच. त्याचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे रस्त्याकडे बाप्पाचीही पाठ.

मग फोन. ताशी ५० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून चाललेलं भांडण वाचायला दोन सेकंद धरले, तरी २८ मीटर झाले. बेस्टच्या दोन लांब बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी थोडी जागा उरेल. एवढ्या अंतरात न दिसायला एक सायकलवाला पुरेसा आहे.

दार उघडणं ही कला आहे. गाडी डाव्या कडेला लावली की दार उघडायचं ते उजव्या हाताने, खाडकन. चुकूनही डावा हात पुढे करू नका. डाव्या हाताने दार उघडायला गेलं की अंग वळतं, मान मागे जाते आणि मागून येणारा दिसून बसतो. नेदरलँड्समध्ये लोक असं दार उघडायला शिकतात, पण तिकडे सायकली फार, त्यांचा नाइलाज आहे. टॅक्सीने जाणार असाल तर सिग्नलला मधल्या लेनमध्येच पैसे चुकते करा आणि डावीकडच्या दाराने उतरा. टॅक्सी आणि फुटपाथ यांच्या फटीतून कुणी येत असेल, ही शंका मनाला शिवू देऊ नका.

आता सामायिक जबाबदारी. ती चाळीतल्या जिन्यासारखी असते, झाडायचा एकाने आणि वापरायचा सगळ्यांनी. सायकलवाल्याच्या वाट्याला दिवा, घंटा, रिफ्लेक्टर, हेल्मेट आणि पोपटी जॅकेट. तुमच्या वाट्याला हे सगळं त्याच्याकडे आहे की नाही यावर मत देणं. रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर जी मंडळी निघतात, त्यांच्याकडे यातलं सगळं असतं. त्यांच्याबद्दल 'तो लाल दिवा डोळ्यांवर येतो' अशी तक्रार ठेवा.

बाकीचे मात्र अडचणीत आणतात. पहाटे बेकरीतून निघालेला पाववाला बघा. सायकलच्या रिफ्लेक्टरवर मानक ब्यूरोचा शिक्का हवा, असा केंद्राचा २०२० चा आदेश आहे, आणि मागच्या मडगार्डवर त्याचा लाल रिफ्लेक्टर असतोही. पण कॅरियरवरची पावांची थैली एवढी खाली लोंबते की तो पार झाकला जातो. म्हणून कुणी थैलीलाच तारेने जुनी सीडी बांधतो. आता ती चमकायची तर तुमचा दिवा तिच्यावर पडायला हवा आणि परत आलेला उजेड बघायला तुमचे डोळे रस्त्यावर हवेत. म्हणजे फिरून सगळं आपल्याच गळ्यात! सामायिक म्हणतात ते हेच असेल, तर तो शब्द बैठकांपुरता ठेवलेला बरा.

कुणी फारच वाद घातला तर 'हे लोक रोड टॅक्स भरतात का?' असं विचारा. तो कर राज्य सरकारकडे जातो आणि शहरातले बहुतेक रस्ते महापालिका बांधते, हा तपशील सांगत बसू नका. 'कडेने का जात नाहीत?' हेही विचारा. कडेला उखडलेले पेव्हर ब्लॉक, चाक अडकेल अशा गटाराच्या जाळ्या आणि बहुधा तुमचीच गाडी असते, पण ते विचारणाऱ्याने बघायचं नसतं.

सरकार तुमच्या बाजूने आहे, काळजी नसावी. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास सायकल ट्रॅक बांधला होता. त्यावर लोकांनी गाड्या लावून बघितल्या, छान मावल्या. २०२५ मध्ये एमएमआरडीएने ट्रॅक काढून मोटारींचा रस्ता रुंद करायचं ठरवलं. सागरी सेतूवर तर सायकलला मुळातच बंदी आहे. 'दिसलाच नाही' हे वाक्य तिथे शंभर टक्के खरं ठरतं.

इतकं करूनही धक्का लागलाच, तर घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं काम आहे. मात्र जमाव खवळला असेल आणि ते शक्यच नसेल, तर सवलत त्याच कलमात लिहून ठेवली आहे. तेव्हा खाली उतरा, वाक्य म्हणा, आणि जमाव खवळेपर्यंत बंपर तपासून घ्या. विम्यासाठी फोटो लागतात. अंधार असेल तर फ्लॅश लावा, वाकून नीट बघा, बारीक ओरखडे चटकन दिसत नाहीत.