‘रिकाम्या खुर्च्या’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

पणजीत तीनशे-चारशे खुर्च्यांचं, गाण्यासाठीच बांधलेलं सभागृह हवं, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाने नाव न देता लिहिलंय: “घरात बसून फुकटचे सल्ले देऊ नका. कला अकादमी आहे, रवींद्र भवनं आहेत, तिथेच लोक फिरकत नाहीत. रिकाम्या खुर्च्यांसाठी आणखी एक इमारत कशाला? पार्किंगचं काय? आणि तरुणांना डीजे हवा.”

मत वेगळं असायला माझी हरकत नाही. पण ‘घरात बसून’? अहो, फोंड्याकडच्या देवळांत बैठकीच्या सतरंज्या मी अंथरल्या आहेत, तबलजीची बिदागी कमी पडली तेव्हा स्वतःच्या खिशात हात घातला आहे. ओळखदेख नसताना असं बोलायची ही कुठली रीत?

आता त्या खुर्च्या. पणजीच्या कला अकादमीचं दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, म्हणजे तिचं मुख्य सभागृह, सुमारे हजार खुर्च्यांचं. नव्या गायिकेला ऐकायला अडीचशे माणसं आली, तरी तिथे ती इकडेतिकडे विखुरतात. निवेदक दोनदा विनवतो, “मागच्यांनी कृपया पुढे यावं.” कोणी हलत नाही. ती षड्ज लावून डोळे उघडते, तर समोर नुसती लाल-काळी पोकळी. तीच अडीचशे माणसं तीनशेच्या सभागृहात बसवा. शेवटच्या रांगेतली ‘वा!’ मंचावर पोचते, माइक फारसा न चढवता तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो घुमणारा झंकार, ऐकू येते. आणि तुम्ही म्हणता, लोक नाहीत!

मोठ्या सभागृहाचं भाडं, दिवे, साउंड यांचा खर्च अडीचशे तिकिटांत निघत नाही. मग प्रायोजक शोधायचा, आणि त्याला नावाजलेलाच कलाकार हवा असतो. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या थोर शास्त्रीय गायिकांच्या गोव्यातली आजची मुलगी स्पर्धेत बक्षीस मिळवते, पण दोन तासांची स्वतःची मैफल कुठे करायची हे तिला कळत नाही. अकादमीचा ब्लॅक बॉक्स, म्हणजे तिथलं प्रयोगांसाठीचं लहान दालन, फारच छोटा. देवळाच्या उघड्या मंडपात रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणजे रात्रीचे राग रंगायच्या आत गाणं आवरायचं. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

शिवाय सगळी भिस्त एकाच वास्तूवर ठेवली की काय होतं, ते अकादमीच्या दुरुस्तीच्या काळात आपण पाहिलंच. अकादमी २०२३च्या नोव्हेंबरात उघडेपर्यंत आयोजक जागेसाठी वणवण फिरत होते. आणि लोक फिरकत नाहीत म्हणणाऱ्याने एकदा वास्कोच्या दामोदर सप्ताहाला यावं. भजनाला तिथे रात्रभर माणसं बसतात.

पार्किंगचं तुमचं म्हणणं मान्य. पणजीत गाडी लावणं म्हणजे शिक्षाच आहे, आणि सभागृह बांधताना त्याचा विचार आधी व्हायला हवा.

डीजेचा विषय माझ्या लेखात नव्हता, त्यावर बोलणार नाही. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी मात्र नाव लिहा आणि जरा नीट बोला.