रोज एक वीत

आमच्या घरातील सर्वांत सनातनी सदस्याचे वजन नव्वद ग्रॅम आहे. त्याचे नाव सरदार. डोक्यावर पिवळा तुरा आणि दोन्ही गालांवर केशरी ठिपके असल्यामुळे तो बारा महिने मिरवणुकीला निघाल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. जातीने तो कॉकाटील, म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आईला खरे तर पेरूवर ताव मारणारा, लाल चोचीचा आपला पोपट हवा होता. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी पोपट पाळता येत नाही, हे तिला समजावता समजावता हा परदेशी पाहुणा घरात आला. पक्षीविक्रेते या जातीला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. आईने तोच शब्द उचलला आणि “मुलाने घरात कॉकटेल आणले आहे, सकाळी सहापासून गोंधळ सुरू असतो,” असे भजनी मंडळात निर्मळ मनाने सांगून आली.

सरदार भित्रा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आमचे घर म्हात्रे पुलापासून जवळ आहे. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, खिडकीची तावदाने थरथरतात, आणि त्या गदारोळात हा एका पायावर उभा राहून मान पाठीच्या पिसांत खुपसून झोपतो. मात्र याच वीराने मंडईतून आणलेला लाल भोपळा पाहून दोन दिवस दाणे सोडले होते. एक जानेवारीला भिंतीवरचे कॅलेंडर बदलले, तेव्हा नव्या वर्षाचा त्याने इतका निषेध केला की जुने कॅलेंडर पुन्हा टांगून आम्ही आठवडाभर गेल्या वर्षीच राहिलो.

यामागचे कारण पुढे माझ्या लक्षात आले. उघड्या माळरानावर थव्याने राहणारा आणि ससाण्यासारख्या पक्ष्यांचे भक्ष्य असणारा हा जीव अनोळखी वस्तूला आधी शत्रू मानतो आणि चौकशी सवडीने करतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे ती चौकशीही रीतसर चालते. आधी उजव्या डोळ्याने पाहायचे, मग मान वळवून डाव्या डोळ्याचे मत घ्यायचे. निकाल तुऱ्यावर वाचता येतो. तुरा सैल, मागे कललेला असेल तर सर्व ठीक आहे. ताठ उभा असेल तर वस्तू विचाराधीन आहे. आणि डोक्याला चिकटून सपाट झाला, सोबत फिस्कारण्याचा आवाज आला, तर आपण हात मागे घ्यावा हे उत्तम.

वैशाखात मी त्याच्यासाठी तुळशीबागेजवळून एक झोका आणला. लाकडी दांडी, रंगीत मणी, खाली पितळी घुंगरू. वस्तू देखणी होती, आणि माझ्या हौसेला धीर नव्हता. रात्री सरदार झोपल्यावर अंधारातच मी झोका पिंजऱ्यात टांगला. सकाळी उठून तो मला धन्यवाद देईल, अशी माझी कल्पना होती. मध्यरात्री दोनच्या सुमारास त्याची शेपटी घुंगराला लागली. पिंजऱ्यात जे काही झाले, त्याने आमच्यासह वरचा मजलाही जागा झाला. कॉकाटील रात्री दचकले की अंधारात वाटेल तिकडे धडकतात. दिवा लावून पाहिले, तर तळाशी शेपटीची दोन पिसे पडलेली आणि सरदार कोपऱ्यात गजांना धरून थरथरत असलेला. “अहो, तुम्हाला झोपेत कुणी अंगावर घंटा बांधली तर चालेल का?” एवढेच पत्नी म्हणाली. त्या रात्रीपासून पिंजऱ्याजवळ झिरोचा बल्ब लागला आणि झोक्याची सूत्रे तिच्याकडे गेली.

तिची पद्धत सोपी होती, म्हणजे सांगायला. झोका दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा आणि तुरा सैल राहील अशा बेताने रोज एक वीत पुढे सरकवायचा. तुरा उठला तर थांबायचे, सपाट झाला तर निमूटपणे मागे न्यायचे, आणि झोक्याकडे पाहून तो शांत राहिला की लगेच त्याच्या आवडीचे राळ्याचे कणीस पुढे करायचे. आमचा दिवाणखाना बारा फुटांचा, म्हणजे सोळा विती. सोळा दिवसांत काम होईल असा हिशेब मी मांडला. परंतु त्यात मागे न्यायच्या विती धरल्या नव्हत्या. पाचव्या दिवशी मोलकरणीने फरशी पुसताना झोका परस्पर दोन हात पुढे सरकवला आणि आम्ही पुन्हा भिंतीपाशी आलो. मधल्या काळात तो कधी चहाच्या टेबलावर, कधी टीव्हीसमोर, कधी ऐन वाटेत असे. आलेले पाहुणे त्याला वळसा घालून जात आणि सभ्यपणामुळे काही विचारत नसत.

या पद्धतीचा एक पोटनियम माझ्या वाट्याला आला. थव्यातला पक्षी सोबत्यांकडे पाहून धीर धरतो. आमच्या घरी थवा म्हणजे आम्हीच. तेव्हा झोका निरुपद्रवी आहे हे कुणीतरी त्याच्यादेखत खेळून दाखवायला हवे होते, आणि दोन वर्षांत निवृत्त होणारा मी त्या कामासाठी सर्वांत रिकामा होतो. रोज संध्याकाळी मी जमिनीवर मांडी घालून मणी फिरवीत असे, घुंगरू वाजवीत असे आणि “वा, काय छान आहे!” असे मोठ्याने म्हणत असे. एकदा दार उघडे राहिले होते. शेजारचे काका वर्तमानपत्र परत द्यायला आले आणि उंबऱ्यातच थबकले.

“नातवंडे आली आहेत वाटतं?”

“नाही काका. सरदाराला सवय लावतो आहे.”

काकांनी पिंजऱ्याकडे पाहिले. सरदार पाठ फिरवून बसला होता. “सवय तुम्हालाच लागलेली दिसते,” असे म्हणून त्यांनी दार हलकेच लोटून घेतले.

सोळा दिवसांचे चाळीस झाले. एकेचाळिसाव्या दिवशी, पिंजऱ्याबाहेरून गजांना बांधलेल्या झोक्यापाशी सरदार दांडीवरून तिरका तिरका सरकत आला. उजवा डोळा झाला, डावा झाला. मग त्याने मान लांब करून एका लाल मण्याला चोचीचे टोक जेमतेम लावले आणि विजेचा धक्का बसल्यासारखा मागे पळाला. आम्ही तिघे श्वास रोखून उभे होतो. तो पुन्हा आला. या वेळी मणी चोचीत धरून त्याने जिभेने सावकाश फिरवला, आणि तुरा हळूहळू मागे कलला. आईने देवापुढे साखर ठेवली.

आता झोका आत आहे आणि सरदार त्यावरच झोपतो. गेल्या रविवारी मणी धुण्यासाठी पत्नीने तो तासभर बाहेर काढला, तर त्या रिकाम्या जागेकडे पाहून त्याने फिस्कारायला सुरुवात केली.

पुढची चिंता गणपतीची आहे. मुलगी यंदा पुठ्ठ्याचे मोर लावून नवे मखर करते आहे. त्यामुळे भाद्रपद दूर असताना, आषाढापासूनच एक निळा मोर आमच्या गॅलरीत उभा आहे. काकांनी काल त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि विचारले, “आज किती वीत?”

“तीन,” मी म्हणालो. “पण पिसारा अजून लावलेला नाही.”