आडनावाआधी शेताचं नाव शोधा

एका लेखात नॉर्वेहून अमेरिकेतल्या मिनेसोटाला गेलेल्या पूर्वजाचा माग आडनावावरून काढायला सांगितलंय, पण नेमकं तिथेच गाडं अडतं. कायमचं आडनाव सक्तीचं करणाऱ्या १९२३ च्या कायद्याआधी नॉर्वेच्या खेड्यापाड्यांत कायमचं आडनाव सर्रास नव्हतंच. बापाच्या नावावरूनच पुढचं नाव पडायचं: ओले हान्सेनचा मुलगा लार्स ओल्सेन (ओलेचा मुलगा), मुलगी ओल्सदात्तर (ओलेची मुलगी)! अमेरिकेत गेल्यावर कुणी हेच नाव धरलं, कुणी घराणं जिथे राहायचं त्या मूळ शेताचं. म्हणून आधी अमेरिकेतल्या लुथरन या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चच्या नोंदी चाळा, जन्मगाव बऱ्याचदा तिथे हाती लागतं. मग डिजिटालआर्किव्हेट हे नॉर्वेच्या जुन्या दप्तरांचं सरकारी संकेतस्थळ उघडा, तेही चक्क फुकट आहे. १८६५ च्या जनगणनेत माणसं शेतवार सापडतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत साक्षीदार म्हणून उभं राहिलेल्यांची नावं तर अजिबात सोडू नका, त्यांत बरेचदा काका, मावशा, आत्याच निघतात.